मान्यताप्राप्त

महासंघाचं पत्र आलंय :
सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी
आपल्या शाखेचा इतिहास पाठवावा,
दोनशे शब्दांत,
वादग्रस्त मजकूर वगळून.

कुठला महासंघ, ते आधी शिक्का बघून ठरवते.
ट्रंकेत पाच शिक्क्यांची प्रमाणपत्रं आहेत माझ्या.
पहिल्यावर वाघ. दुसऱ्यावर उगवता सूर्य.
तिसऱ्यावर तोच सूर्य, किरणं दोन कमी,
फुटून गेलेल्यांनी ती नेली, असं सर म्हणायचे.
चौथ्यावर मूठ.
पाचव्यावर नुसता कोर्टाच्या आदेशाचा नंबर.

आम्ही शिकलो निपाणीत, अक्कोळ रोडच्या वखारीत,
तंबाखूची बोदं भिंतीकडं सरकवून केलेल्या जागेत.
पाय उचलायच्या आधी शिंक यायची.
विड्या वळणाऱ्यांच्या अकरा पोरी, नऊ पोरं,
आणि सेन्से भरमगोंडा चौगुले,
दिवसा बस डेपोत टायर खोलणारे.
इच, नी, सान, असं मोजायचं.
चौथा आकडा ‘शी’.
त्या आकड्याला वखार हसायची,
सर हसू दाबत ओरडायचे,
‘दात नको, गुडघा दाखवा की गं!’

सत्त्याऐंशीचा मार्च, रविवार.
महासंघ दिल्लीत फुटून तीन आठवडे झालेले.
आम्हाला कळलं
एकाच बसमधनं दोन परीक्षक उतरले तेव्हा.
पाठीला पाठ करून चहा प्याले.
वखारीत खुर्ची एकच होती, दोघंही उभे राहिले.
मी काता केला, एकदाच.
वाघवाल्यानं लिहिलं, उत्तीर्ण.
सूर्यवाल्यानं लिहिलं, डावा पाय कच्चा.

डावा पाय कच्चा होताच.

पुढं वाघ कोर्टात हरला.
म्हणजे कायद्यानं मी नापास, तपकिरी पट्ट्यावरच,
आणि त्या पट्ट्यानिशी आजवर
चारशेवर पोरींना काळा बांधलाय.
हे वादग्रस्त आहे का, कळवावं.

एक्क्याण्णवला हुसेनबी नदाफ राष्ट्रीयला निघाली.
अर्जात रकाना होता : राज्य.
हुसेनबीनं सरांना विचारलं, काय लिहू?
सर म्हणाले, ‘गाव लिही. गाव कोण बदलतंय?’
आता स्टँडच्या पाटीवर गावाच्या नावात
एक प जास्त आहे.
हैदराबादला फाटकावर दोन याद्या,
दोन्हींत ती नव्हती.
एक म्हणाला, तुम्ही पलीकडच्यांकडं जा.
पलीकडचा म्हणाला, तुम्ही अलीकडच्यांच्या.
हे ऐकायची आम्हा लोकांना
तशी सवय आहे.
हुसेनबीनं चपला काढल्या,
कुंपणाबाहेर, भाजक्या शेंगांच्या गाड्याशेजारी
अख्खा काता केला, सावकाश.
शेवटी वाकून नमस्कार,
आत मैदानाला नाही,
सरांना.
शेंगावाल्यानं पुडी दिली, पैसे घेतले नाहीत.
आता ती चिकोडीला शिवणक्लास घेते.
तिचंही नाव स्मरणिकेत यावं,
पण कुठल्या यादीखाली?

सर गेले तेव्हा दोन हार आले,
दोन महासंघांचे, एकाच दुकानातले.
दोन्ही फितींवर ‘आमचे’ लिहिलेलं.
डेपोतल्या लोकांनी आणलेला तिसरा,
त्याच्यावर काही लिहिलं नव्हतं.
मी तो वर ठेवला.

दोनशे शब्द केव्हाच संपले असतील.
वगळायचं ते वगळून घ्या.
‘शी’ म्हणताना हसलो तेवढं राहू द्या,
आणि वखारीचा पत्ता,
तो तसाच आहे,
जिना चढताना डावा पाय अजून सांगतो.

खाली पोरी आल्यात, बोदं सरकवायचा आवाज येतोय.
मालन बाळू खोत.
सही केलीय.
पदनामाची जागा सोडलीय,
मी कोण, ते तुमचं ठरलं
की भरून घ्या.