घरी काय उकळता?

लाखांदूरच्या बसथांब्यासमोर माझं मेडिकल.
आठ बाय दहा. एक फ्रीज, तोही लाईन असली तरच थंड.
इस्तारी नाकाडे दर महिन्याच्या पाच तारखेला यायचे,
पेटीवर फिरणाऱ्या बोटांनी काउंटरवर ताल धरत
घडीवर फाटलेली चिठ्ठी पुढे सरकवायचे.

नागपूरला त्यांच्या काळजात झडप बसवलेली, धातूची.
रात्री निजानीज झाली की ऐकू येते म्हणत, टिक् टिक्.
"ढोलकीवाला चुकला तर
मी हिच्यावर लय पकडतो, बाई."
त्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून
रोज संध्याकाळी एक गोळी.
एवढीशी गोळी, हिशेब मात्र सोनाराचा:
जराशी कमी, तर गाठ.
जराशी जास्त, तर
ते मी कधी पूर्ण सांगितलं नाही.
गिऱ्हाईक घाबरते.

दिवाळी सरली, नाटकांचा हंगाम लागला.
रात्रभर मांडी घालून वाजवायचं, सकाळी गुडघे धरायचे.
कापगते सर, रिटायर झालेले,
मोटारसायकलच्या डिक्कीत चिनी भुकटी घेऊन हिंडायचे.
गावोगाव मीटिंगा. एकाखाली दोन, दोनाखाली चार.
पाकिटावर लाल मुळीचं चित्र
आणि अक्षरं, जशा कुणी अंगणात
बांबूच्या काड्या सांडून ठेवल्यात.
"हजारो वर्षांचं आहे जी. झाडपाला. साइड इफेक्ट शून्य."
सर खोटं बोलत नव्हते.
त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती, एवढंच.

फुलवंताबाई रोज गंजात ते उकळायची,
निम्मं पाणी आटेस्तोवर, वरून गुळाचा खडा.
गुडघा खरंच हलका झाला.

होळीच्या आधी, चपराडच्या मांडवात, तिसऱ्या अंकात
पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या लाल दिसायला लागल्या.
नाकातून. थांबेना.
लोकांना वाटलं, प्रसंगच तसा आहे.
कुणीतरी टाळी वाजवली.

भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दुसरं काही औषध?
"नाई जी."
पुन्हा विचारलं. "नाई."
फुलवंताबाईही म्हणाली, नाई.
खोटं तीही बोलत नव्हती.
औषध म्हणजे मेडिकलातून पन्नीत येते ते,
ज्याच्यावर तारीख असते.
उकळलेलं पाणी कुठं औषध असते?

रक्ताचा आकडा तीनच्या आसपास हवा.
आला नऊ.
हंगामभर तपासलाच नव्हता, सवड कुणाला.

वाचले. चैत्रात आले, दंडावर जांभळे डाग घेऊन,
पाकीट माझ्यापुढे ठेवलं.
"तुमी तं शिकलेल्या. वाचा."
मी उलटंपालटं करून पाहिलं.
मलाही काड्याच दिसल्या.

मुळीला दोष देत नाही मी. गोळीलाही नाही.
दोघी आपापल्या गावात शहाण्या.
त्याच्या अंगात अंधारात भेटल्या,
ओळख करून द्यायला कुणी नव्हतं,
आणि दोघींनी एकच काम केलं, दुप्पट हौसेनं.
पाच वर्षं मी गोळ्या मोजून दिल्या.
विचारलं काय? सुट्टे आहेत का.

आता "औषध घेता का" असं विचारत नाही.
त्याला "नाई" ठरलेलं आहे.
विचारते, घरी काय उकळता? काय उगाळता?
रात्री कशात काय भिजू घालता?
कुणी हसते. कुणी चिडते, तुम्हाले काय करायचं?

काल सायत्राबाई आली, साखरेच्या गोळ्या न्यायला.
"च्या उकळतो, पोरी. अजून काय उकळन?"
पैसे मोजले, पदराला गाठ मारली.
बस हॉर्न मारत होती तरी पायरीवर थांबली,
मग परत फिरली.
"हौ, एक कडू काडी आहे, जावयानं आणलेली.
पन ते काई औषध नोहय."

मी वही उघडली.