पिवळं पाखरांना

आमच्या घरात अंडं फुटायच्या आधीच
त्याची वाटणी झालेली असायची:
पिवळं पाखरांना, पांढरं पोरांना.

यातोमीत, किसो नदीच्या मुखापाशी,
जिथली जमीन समुद्राहून खाली आहे
आणि कुणी ते बोलून दाखवत नाही,
माझे वडील टोमेकिची पांढरे बुंचो पाळायचे.
मुठीत मावणारं पाखरू.
चोच अशी, की डाळिंब खाऊन तोंड पुसायचं राहिलंय.

ऑक्टोबर लागला की आई परात काढायची.
शेरभर राळे, त्यावर चार बलक.
"चोळ. दाबू नकोस. गोळा झाला की फुकट गेलं.
एकेका दाण्याला न्हाऊ घालतेयस, असं समज."
मग वर्तमानपत्रावर पसरून दिवसभर उन्हात.
बातम्यांना पिवळे डाग पडायचे.
राहिलेल्या पांढऱ्याचं सार आम्हाला,
काल तेच, आज तेच.
एइझो म्हणायचा, हे पाण्याचं उकडलेलं भूत आहे.

शिंपले कुटायचं काम माझं.
भाजायचे, कुटायचे, चाळायचे,
प्रत्येक पिंजऱ्यात चिमूटभर.
एका जानेवारीत माझी बोटं भेगाळली होती.
मी वाट्यांमध्ये चुलीतली राख भरली.
रंग तोच, कुणाला कळणार?

कळलं नवव्या दिवशी.
गवताच्या मडक्याएवढ्या घरट्याखाली
मादी पिसं फुगवून बसली होती,
अंडं अर्ध्या वाटेत, साय धरल्यासारखं मऊ.
वडिलांनी कोमट तेल लावलं, ऊब दिली,
रात्रभर तिला छातीशी धरून बसले.
सकाळी ती माझ्या तळहातावर ठेवली.
"हलकी लागते ना?
कवचाला पुरेना, म्हणून स्वतःच्या हाडांतून काढत होती."

मारलं नाही त्यांनी. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आई चुलीपाशी होती, पाठमोरी.
पाच बाळंतपणांत तिचे सात दात गेले होते.
वडील बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले,
जणू पिंजरे मोजताना
एक मोजायचा राहून गेला होता.

त्या रात्री त्यांनी तिच्या गरम भातावर
एक अख्खं अंडं फोडलं. पिवळ्यासकट.
"पाखरांना कमी पडेल," ती म्हणाली.
आणि खाल्लं.
आम्ही चौघं श्वास रोखून बघत होतो.
अंडं आतून एवढं पिवळं असतं,
हे तेव्हा जणू पहिल्यांदाच दिसलं.

आता गावात पाखरंवाली मी एकटी. तीन जोड्या.
मध्यंतरी नागोयाहून एक तरुण आला होता,
मांडीवर पिंजरा: "आजी, अंडी घालतात, पण सगळी पोकळ."
बघितलं तर नर-मादी दोघं गलेलठ्ठ,
फांदीवर मांडलेल्या उशा.
बाराही महिने बलकाचे राळे चारत होता, प्रेमाने.
म्हटलं, रोज सण असेल त्या घरात पाळणा हलत नाही.
पिसं झडायच्या दिवसांत साधे राळे दे, पाला दे, उपाशी नको, पण सुकं.
थंडी पडू लागली की मग पिवळं, आधी आठवड्यातून दोनदा.
आणि शिंपल्याची पूड मात्र कायम.
ती मोजायची नाही.
त्याने सगळं फोनमध्ये लिहून घेतलं.
हाडांचं मी सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणतात, या वयात पिवळं खाऊ नका.
हे मला फार पूर्वीच सांगितलेलं आहे.
सुपरमार्केटातून दहा अंडी आणते,
बलक परातीत, पांढरं माझ्या सारात.

आज सकाळी मधल्या घरट्यात चार पिल्लं.
डोळे मिटलेले, अंगावर लव नाही,
मानेची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी.
नातू रिकु वाकून बघत होता.
"आजी, ह्याच्या गळ्यात काय आहे?"
आई नुकतीच भरवून गेली होती.
कातडीतून सगळं दिसत होतं:
राळ्याचा दाणा न दाणा,
पिवळा.