भट्टीवाल्याची बाटली

जालन्यात, नूतन वसाहतीच्या वळणावर माझं मेडिकल.
शटर अर्धं वर गेलं की आधी येतात
रात्रभर झोप न लागलेली माणसं.
दगडूबा खरात त्यांतलेच.
एकतीस वर्षं रोलिंग मिलच्या भट्टीपुढं काढली,
अजून बोलताना डोळे बारीक करतात,
जणू समोर मी नाही, लाल सळई आहे.

आज पिशवीतून बाटली काढली.
भाचीनं कॅनडाहून पाठवलेली,
नारंगी कॅप्सूल, लेबलवर
पळत सुटलेला एक पांढऱ्या केसांचा गोरा.
"ताई, हे क्यू टेन काय असतंय?
जिना चढताना पोटऱ्या लई दुखू राहिल्या.
भाची म्हणे, यानं ताकद येती.
अजून एक डबी मागवता का?"

मामा, तुमच्या अंगात
डोळ्याला न दिसणाऱ्या अब्जावधी भट्ट्या आहेत.
भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी,
सगळं तिथंच जळतं
आणि त्या जाळावर तुम्ही चालता.
हा क्यू टेन तिथला हेल्पर,
या हातातला निखारा त्या हातात देणारा.
त्याला अंगच घडवतं.
हृदयात तर त्याला तिन्ही पाळ्या.
वय झालं की मात्र भरती कमी होते.

"म्हणजे आमच्या मिलसारखंच," ते हसले,
"माणूस रिटायर झाला की जागा भरत नाहीत."

आणि तुमची रात्रीची गोळी, कोलेस्टेरॉलची,
ती जी वाट अडवते
त्याच वाटेनं हा हेल्परही कामावर येतो.
म्हणून काहींनी म्हटलं, बाहेरून भरू.
काहींच्या पोटऱ्या निवल्या.
काहींना नुसत्या पिठाच्या कॅप्सूलनंही
तेवढंच बरं वाटलं.
थकलेल्या हृदयाला थोडा हातभार लागतो म्हणतात,
पण इतर औषधांच्या जोडीनं,
त्यांच्या जागेवर बसून नाही.

"मग रात्रीची सोडली ते बरंच झालं की."

माझा हात काउंटरवर तसाच राहिला.
कधी सोडली?
"झाले वीस दिवस. हिच्यावरच भागवतोय."

छातीत दोन स्टेंट असलेला माणूस
हे असं सांगतो,
जसं दूधवाला बदलला.

फाईल मागितली. चौथ्या पानावर
रक्त पातळ ठेवायची गोळी, तीही चालू.
मामा, ही बाटली त्या गोळीचा जोर कमी करू शकते.
डॉक्टरांना दाखवली?
"त्यांनी विचारलंच नाही.
औषध थोडंच हाये हे. ताकदीचं हाये."

डबी मागवली असती तर
मार्जिन चांगलं आहे, खोटं कशाला बोलू.
पण जुन्या बिलाच्या पाठीमागं लिहिलं:
रात्रीची गोळी का सोडली ते आजच सांगा.
रक्ताची तपासणी.
बाटली सोबत न्या, लपवू नका.
तीनदा अधोरेखित केलं
आणि त्यांच्या सुनेला फोन लावला.

महिन्यानं आले.
रात्रीची गोळी बदललेली, कमी ताकदीची.
बाटलीला परवानगी, पण मोजून:
रोज एक, सकाळच्या जेवणात,
कारण ती तेलातुपाच्या घासाशिवाय अंगाला लागत नाही.
दर पंधरवड्याला रक्त तपासायचं,
तीन महिन्यांनी घ्यायची की सोडायची ते ठरवायचं.
"सून करडीच्या तेलाचं बोट लावती भाकरीला
अन् कॅप्सूल हातावर ठेवती.
नैवेद्य दाखवल्यावानी."

फरक?
"पोटऱ्या हलक्या झाल्या.
आता गोळी बदलली म्हणून, का हिच्यानं,
का थंडी सरली म्हणून, कोण सांगावं?
भट्टीतबी सळई लाल व्हायची, ताई.
कोणत्या कोळशानं झाली, कुणी विचारलं नाही."

मी विचारते, मामा.
एवढ्याचसाठी इथं उभी असते.

त्यांनी सुटे पैसे मोजून ठेवले,
पिशवी खांद्याला लावली.
दुकानाच्या तीन पायऱ्या उतरताना
आज कठडा धरला, की धरला नाही,
ते बघायचं राहून गेलं.
पुढचं गिऱ्हाईक खोकत उभं होतं.