चढाईची अकरा सेकंदं

माझ्या संगणकाची एक बाजू कायम उघडी.
पत्रा कॉटखाली गेला तो गेलाच.
आत धूळ, घुरघुरणारा पंखा,
आणि मधल्या खाचेत टीव्हीचं कार्ड,
जुन्या बाजारातून साडेसातशेला उचललेलं.
त्याच्या पाठीतून वायर खिडकीबाहेर जाते, गच्चीवर.

तिथे थाळी उभी आहे, आग्नेयेकडे तोंड करून,
एका गंजक्या बोल्टाच्या भरवशावर.
जेलरोडला वारा सुटला की मी आकडा बघतो.
बासष्ट. अठ्ठावन्न. परत बासष्ट.
चाळीसच्या खाली गेला
की माणसांचे चौकोन होतात.

गांगुर्डे काका दुसऱ्या पाळीला निघालेले,
डबा हातात, दारातच थांबले.
"हर्षालीची मॅच दाखवणार आहेत, चारला.
उपांत्य. धरून ठेवशील का?"

रेकॉर्ड कर नाही म्हणाले. धरून ठेव.
घोटा धरावा तसं.

मी वेळ लावली, तीन पन्नास ते साडेपाच.
वाहिनीच्या घड्याळावर माझा विश्वास नाही,
म्हणून फाइलच्या सुरुवातीला दहा मिनिटं
एक गृहस्थ शवासनात पडून आहेत.

रात्री पाळी सुटल्यावर काका आले.
खुर्ची दिली तरी उभेच.
मी पट्टी सरकवत नेली. पंचेचाळिसावं मिनिट.
सात नंबरची हर्षाली वाकते,
मॅटला हात लावून कपाळाला लावते, आत शिरते,

आणि थाळीवर कावळा बसतो.

म्हणजे दुपारी बसला असणार, चार पस्तीसला,
दांड्याच्या त्या एवढ्याशा टोकावर,
सगळं आभाळ मोकळं असताना.

मॅट फुटली. एक गुडघा कोपऱ्यात गोठला.
निवेदकाचा आवाज खडीवरून फरफटत गेला.
अकरा सेकंदं.
मग चित्र आलं तेव्हा हर्षाली पालथी,
हात मधल्या रेषेला टेकलेला,
आणि समोरच्या तिघी मान खाली घालून बाहेर चाललेल्या.
मधे काय झालं ते गुणफलकाला ठाऊक.

मी म्हटलं, काका, सॉरी.
ते म्हणाले, मागे घे. एकेक चित्र दाखव.

एकोणतीस वर्षं हा माणूस प्रेसमध्ये
नोटांचे ताव उजेडात धरतोय.
केसाएवढी रेघ सरकली की ताव बाजूला.
त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला.
सेकंदाला पंचवीस चित्रं.
मी कळ दाबत राहिलो.

"हा डावा पाय. तांबडं दिसतंय ना,
ती गुडघ्याची पट्टी. बिटको चौकातून मीच आणलेली.
इथे वळली.
इथे धरली तिला, बघ, एका रंगात दुसरा रंग घुसला.
सुटली. थांब, एक मागे.
हां. सुटली."

मला चौकोन दिसत होते. मी हो म्हणत होतो.
दीडशेच्या आसपास एक कोपर दिसलं मलाही,
किंवा दिसावंसं वाटलं.

मॅच दोन गुणांनी गेली होती.
ते तिने फोनवर आधीच सांगितलं होतं म्हणे.

पेनड्राइव्ह चार जीबीपेक्षा मोठी फाइल घेईना.
कुठून कापू, मी विचारलं.
"तो झोपलेला माणूस काप."
आणि जाहिराती?
"असू देत. तेवढ्यात ती पाणी पीत असेल."
आणि हा फुटलेला भाग? काढून टाकला तर
पुढचं सलग दिसेल.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं
की मी माउसवरचा हात काढला.
"खराब ताव आम्ही मोजून परत पाठवतो," ते म्हणाले,
"एकसुद्धा हरवता येत नाही.
हा तर माझ्या घरचा आहे."

दीड वाजला. नाशिकरोडला एक मालगाडी
बराच वेळ थांबून मग हलली.
कॉपी व्हायला अजून नऊ मिनिटं दाखवत होती,
मग अकरा, मग सात.
काका त्या हिरव्या पट्टीकडेही
तसंच डोळे बारीक करून बघत होते.

सकाळी मी गच्चीवर जाऊन
दांड्याला एक ओरखडलेली सीडी बांधली.
ती उन्हात गरागरा फिरू लागली.
कावळा टाकीवर बसून
मान वाकडी करून बघत होता.
घाबरला नव्हता. बघत होता.