खळ

नाव विचारलं. राजमल्लू नरसय्या येमूल.
वय बासष्ट.
पत्ता साखर पेठ.
ती हसली नाही. रोज दहा जण येत असतील
साखर पेठेतून साखर घेऊन.

दोन्ही दंडांना पट्टे, दोन्ही घोट्यांना पट्टे,
मी बीमवर चढवलेल्या ताण्यासारखा आडवा.
पट्टे फुगले, सुस्कारले,
पडद्यावर चार रेघा उठल्या.
जॅकार्डचं डिझाईन म्हणून पाहिलं तर नापास,
एकही फूल नाही.

"काका, सेकंदाला एकोणीस मीटर."
मी सवयीनं हिशेब केला:
आठ चादरी, वर थोडा तुकडा. एका सेकंदात!
चाळीस वर्षांत माझ्या एकाही मागानं
एवढा माल दिला नाही.
"चांगलंच आहे की ओ," म्हणालो.
"नाही काका. जेवढा वेग, तेवढी नळी कडक."

मग तिनं समजावलं, मराठीत, थोडं तेलुगूत.
छातीतून निघालेला ठोका म्हणजे लाट.
मऊ रक्तवाहिनी ती अंगावर घेते,
जरा फुगते, मुरवते, पुढे बेतानं सोडते.
कडक झालेली काहीच ठेवून घेत नाही.
लाट तशीच्या तशी जाऊन आदळते
मूत्रपिंडाच्या, डोळ्याच्या, मेंदूच्या
केसाहून बारीक तारांवर.

एवढं मला कळतं.
आमच्या बोळात पाचव्या दिवशी पाणी येतं,
आधी नुसती हवा,
मग जुना लोखंडी पाईप
भिंतीवर डोकं आपटत राहतो,
आणि फुटतो तो शेजारच्यांचा पातळ नळ.

आणि सुताचं मला कुणी सांगू नये.
कच्च्या सुताला खळ लावावीच लागते.
बेतानं लागली तर ताणा फणीतून गुपचूप जातो.
जास्त झाली तरी आधी छानच दिसतो,
ताठ, चकचकीत, मालकाला दाखवण्यासारखा.
मग दुपारी तीनला, पत्र्याखाली,
कट्‌.
सतरा वर्षं मला आतून खळ लागते आहे,
एका तारेला नाही, अख्ख्या ताण्याला,
आणि मी लोकांना सांगत फिरलो,
शुगर आहे थोडी, त्रास काही नाही.

"हे धुऊन निघतं का?"
ती जरा थांबली.
"पूर्ण नाही. पण आणखी चढू न देणं
आपल्या हातात असतं."
वरचा एकशे अठ्ठावन्न, खालचा अडुसष्ट,
दोहोंच्या मधे तिनं लाल पेनानं रेघ ओढली,
गोळ्या लिहिल्या, चालायला सांगितलं,
आणि तपकिरीची डबी माझ्या खिशातून
स्वतःच काढून टेबलावर ठेवली.

चालतच निघालो.
अशोक चौकात पानवाला ओरडला,
"मामा, एक चप्पल कुठंय?"
डावा पाय उघडा. एप्रिलचं डांबर.
पायानं मला सांगितलंच नव्हतं.
बाण्याची तार तुटली की माग आपोआप थांबतो,
तेवढी पट्टी असते त्याला.
माझ्यात ती बसवायची राहिली,
किंवा कधीतरी निकामी झाली आणि मी
माल निघतोय म्हणून बघितलं नाही.

घरी बालामणी सूप मांडीवर घेऊन,
हजारातल्या दोनशे विड्या बाकी.
"काय म्हणली डॉक्टरीण?"
मी तिचं मनगट धरलं,
सुताचा पीळ बघतो तसं, दोन बोटांत.
"सोडा, तंबाखूचे हात आहेत."
सोडलं नाही.
ठोका आला, गेला, पुन्हा आला.
बोटाला काय कळणार, मऊ की कडक?
तिला रात्री चार वेळा उठावं लागतं,
हे मात्र मला वर्षभर माहीत आहे.

पानं भिजत होती. पलीकडच्या शेडमधे
धोटा आपटत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"उद्या चहा घेऊ नकोस," म्हणालो.
"सकाळी उपाशीपोटी जायचंय. दोघांनी.
आणि माझी चप्पल शोधायची आहे वाटेत."