चार नंबर खिडकीजवळचा फळा

केसपेपरच्या चार नंबर खिडकीशेजारी
एक काळा फळा आहे. तो माझा.
म्हणजे घाटीचाच, सरकारी,
पण चौदा वर्षं त्याच्यावर अक्षर माझं.
आधी मी ट्रकच्या मागं लिहायचो,
तेव्हा बोटांना ऑइलपेंट असायचा. आता खडू.

सकाळी आठला, लायनी लागायच्या आत,
फरहाना मॅडम कागद देतात. सरकारी मराठी.
'सर्पदंश झाल्यास रुग्णास तात्काळ संदर्भित करावे.'
मी लिहितो : साप चावला तर आधी इकडं या,
देवाकडं मागून जा.
मॅडम पहिल्यांदा रागावल्या,
मग म्हणाल्या, दादा, राहू द्या असंच.

खाली कोपऱ्यात, बारक्या अक्षरात, घरच्या बातम्या :
ओ निगेटिव्ह पाहिजे, रक्तपेढीत विचारा.
लोखंडे सिस्टर शुक्रवारी रिटायर, चहा तीन वाजता.
बदनापूरच्या एका गुरुजींनी देह दिला,
पहिल्या वर्षाची पोरं उद्या फुलं घेऊन उभी राहतील.
मेडिसिनच्या जिन्यात लहान पोराची एक चप्पल सापडली, निळी.
(ती महिनाभर फळ्याच्या खिळ्याला होती.)

त्या सोमवारी कागदावर होतं :
स्तनांचा कर्करोग. स्वतः तपासणी.
खडू धरून मी नुसता उभा.
हगवण लिहिली, मूळव्याध लिहिली,
खरूज तर किती वेळा,
पण ह्या शब्दाशी हात अडला.
शेवटी लिहिलं :
बायकांनी छातीची काळजी घ्यावी.
आणि खडू खिशात टाकला.

लायनीतून एक बाई पुढं आली,
काखेला पोरगं, त्याच्या पायाला प्लास्टर,
कोपराला पिवळी पिशवी.
"दादा, काय लिवलंय वो त्याच्यात?"
बायकांचं आहे, मी म्हणालो.
"मग मी कोन हाय?"
मागच्या दोघीतिघी हसल्या. ती हसली नाही.
"मंठ्याहून आलेय. वाचता येत नाय. वाच की."

वाचलं.

"छातीची काळजी म्हंजी? थंडीवाऱ्याची?"
तसं नाही.
"मग कसं?"

मग मी भिंतीकडं तोंड करून,
फळ्यालाच सांगावं तसं सांगितलं :
आंघोळीच्या वेळी हात फिरवून बघायचं.
गाठ लागली तर दाखवायची.
दुखत नाही म्हणून बसायचं नाही,
न दुखणारी तर आधी दाखवायची.
एकोणीस नंबर. तिथं बाई डॉक्टर असते.

मागून बराच वेळ आवाज नाही.
वळलो, तर तिचा हात पदराखाली,
नजर त्या ओळीवर,
जणू आता वाचता येतंय.
"एकोनीस कुठं हाय?"
लिफ्ट बंद होती. जिना दाखवला.
पोराला तिनं माझ्या स्टुलावर बसवलं,
"हलू नको" म्हणाली,
आणि कठड्याला धरून चढत गेली.

दोन तासांनी आली. पिशवीत एक कागद वाढला होता.
पोराला उचललं, स्टूल पदरानं पुसलं, गेली.
नाव विचारायचं राहिलं.
पोरगा तेवढ्यात माझा डस्टर घेऊन झोपला होता,
त्याच्या गालाला खडूची भुकटी, ती तशीच गेली त्याच्याबरोबर.

मी ओळ पुसली. ट्रकच्या मापानं लिहिलं :
स्तनात गाठ. दुखत नसली तरी दाखवा. एकोणीस नंबर.
एक साहेब थांबून बघत राहिले. काही बोलले नाहीत.

रात्री भाकरी खाताना शेवंताला सांगायचं होतं.
दिवसभर भिंतीला सांगितलेलं
घरात तोंडातून निघेना.
खिशात तुकडा होता. पत्र्याच्या पेटीवर लिहिलं.
ती चौथी शिकलेली. बोट ठेवून जुळवत वाचते :
स्त, ना, त. गा, ठ.
"आमच्या आईला हुती," म्हणाली.
कधी बोलली नाहीस.
"तुमी कधी इचारलं?"
आणि ताट उचलून मोरीकडं गेली.

पेटी तिनं पुसली नाही.
सकाळी शेजारची अनसूया विळी मागायला आली,
आणि विळी घेऊनसुद्धा
पेटीपुढं उभीच राहिली.