क्वार्टर नंबर एकोणीस, लोंढा

रजिस्टरात रकाना एकच: सद्यस्थिती.
‘पडझड झालेले’ लिहून दुपारच्या गाडीने परतायचं होतं.
पण किल्लीचं टोक भिंतीला लागलं,
पोपडा सुटला,
पिवळ्याखाली निळा निघाला,
निळ्याखाली चुना, चुन्याखाली काळं.

ते काळं मष्णू घाडीचं.
कोळशाच्या ढिगावरचा खलाशी.
पाटीमागून पाटी इंजिनांची पोटं भरायचा
आणि घरी येऊन इथंच पाठ टेकायचा.
बायकोनं दर दिवाळीला चुना फासला,
शिमग्यापर्यंत पाठ पुन्हा वर आलेली.
तेव्हा हा मुंबई इलाखा होता. कागदावर.
घरात नुसता धूर होता.

निळा रंग कायतान कुलासोचा, फायरमन.
देवळीत मेणाचे थेंब अजून आहेत,
नखानं निघत नाहीत.
आउटरला शिट्टी झाली की त्याची पोरगी भात उतरवायची,
बाप हातपाय धुवेपर्यंत वाफ जिरायची.
एका जुलैत शिट्टी झाली नाही.
भात गिच्च झाला, मग करपला,
मग शेजारच्यांनी चूल विझवली.

पिवळा निंगाप्पा तळवारचा.
दारावर कन्नड एकोणीस
नागरी एकोणिसावर चढलेला,
दोन्हींच्या मधून इंग्रजी नऊचं शेपूट बाहेर.
बसव्वा मराठी शिकली ती नळावरच्या भांडणांत,
म्हणून तिची मराठी कायम चढ्या आवाजात.
साखर मागायची तरी दचकायला व्हायचं.

मग मोठी लाईन आली.
कोळशाचा ढीग पावसापावसानं उतरत गेला.
त्या जागी आता टाकळा उगवतो.

टेप गुंडाळत होतो,
तर शेळ्या घेऊन एक बाई थांबली. तळवाराची मुलगी.
“मोडणार काय हे?”
“होय.”
“मग उंबऱ्याचा दगड आम्हाला द्या की.
माझी वार हाय त्याच्या बुडाला.
त्या किरिस्तावाच्या पोरीचीबी,
घाडीणीच्या चौघांचीबी हाय, असं आई म्हणायची.
जागा एकच मऊ होती, दुसरीकडं सगळा मुरूम.”

उंबरा: तीन फूट दोन इंच.
मापला. त्याला रकाना नाही.

‘पडझड झालेले’ लिहिलं, तारीख घातली.
पान उलटताना कोपऱ्यात अंगठा उमटला, काळा, स्पष्ट.
साहेब विचारतील.
शाई सांडली म्हणेन.